पहाटे साडेतीन, सकाळचे अकरा

मार्चअखेरीस ऑकलंडहून निघालेली बोट वायहेके बेटाच्या धक्क्याला लागली तेव्हा सकाळचे अकरा वाजले होते, म्हणजे भंडाऱ्यात पहाटेचे साडेतीन. हे साडेसात तासांचं अंतर एरवी मी फोन करण्यापुरतं मोजते. पण मार्चमधले साडेतीन वेगळे असतात. होळी झाली की पवनी-लाखांदूरकडच्या जंगलाकाठच्या गावांत याच सुमारास बाया उठतात. टोपली घेतात, टॉर्च घेतात आणि मोठमोठ्याने बोलत निघतात. मोठ्याने अशासाठी, की मोह अस्वलालाही आवडतो आणि झाडाखाली त्याची-आपली अवचित गाठ पडू नये.

न्यूझीलंडात मार्च म्हणजे शरद, द्राक्षं उतरवायचा हंगाम. आमच्याकडे चैत्राची चाहूल, मोह गळायचा हंगाम. पृथ्वीच्या दोन बाजूंना एकाच आठवड्यात दोन गोड गोष्टी गोळा होत असतात आणि टोपलीतून पुढे दोन्हींचं जे व्हायचं ते बरंचसं सारखंच होतं. हे मला बोटीतच सुचलं आणि मग दिवसभर काही पाठ सोडीना.

सहल लेकीने ठरवली होती. लहान गाडी, आठ माणसं, दिवसभरात तीन-चार मळे, प्रत्येक ठिकाणी चार-पाच घोट. नातवाला सांभाळायला हे घरी थांबले. ‘जा तू,’ म्हणाले, ‘फक्त पवनीत कोणाला सांगू नको.’ निवृत्त मुख्याध्यापिका वाईन चाखायला गेली ही आमच्या गल्लीत बातमी झाली असती. (आता होईलच.)

जाताना डाव्या हाताला रांगितोतो दिसतं. काळ्या दगडाचं, सगळीकडून सारखं उतरत गेलेलं बेट. समुद्रातून ज्वालामुखी फुटून ते वर आलं त्याला सुमारे सहाशे वर्षं झाली, म्हणजे ज्ञानेश्वरी लिहून झाल्यावर शंभरेक वर्षांनी. इतकं तरुण बेट मी पाहिलं नव्हतं, असं लेकीला म्हणाले खरी. पण मग आठवलं, याहून तरुण बेटं मी रोज पाहत आले आहे. गोसीखुर्द धरणाचं भूमिपूजन १९८८ साली राजीव गांधींच्या हस्ते झालं आणि पुढे पाणी अडलं तेव्हा वैनगंगेकाठची गावं खाली गेली, उंचवटे तेवढे वर राहिले. त्या पाण्यात उभ्याउभ्या वाळलेली झाडं आहेत. कोणाच्या आजीने कोणता मोह वेचायचा हे ठरलेलं असायचं, अशी झाडं.

वायहेके मात्र हिरवंगार, चढउतारांचं, ऑलिव्हच्या बागांचं. मातीत चिकणमाती पुष्कळ. या बेटावर चांगली वाईन होईल असं पूर्वी फारसं कोणाला वाटत नसे. किम आणि जेनेट गोल्डवॉटर या दांपत्याने १९७८ साली पुतिकी खाडीच्या उतारावर वेली लावल्या. १९८२ साली स्टीफन व्हाइट यांनी स्टोनीरिजचा मळा सुरू केला, आणि त्यांच्या १९८७च्या ‘लारोज’ या वाईनने जाणकारांच्या माना या बेटाकडे वळवल्या. ऑकलंडपेक्षा इथला उन्हाळा थोडा उबदार, थोडा कोरडा. पिकणाऱ्या द्राक्षाला तेवढा फरक पुरतो. अजून न उतरवलेल्या वेलींवर पांढरी जाळी अंथरली होती, पाखरांसाठी. आमच्याकडे धान निसवलं की बांधीत डबे वाजवतात, त्यापेक्षा शांत व्यवस्था.

पहिल्या मळ्यावर लाकडी बाकावर बसवून आमच्यापुढे पेले मांडले. पेल्यात वाईन किती, तर दोन घोट. आणि मधोमध एक स्टीलची बादली. गाडी चालवणारी बाईच माहितगार होती. तिने सांगितलं, पेला दांडीला धरायचा, फिरवायचा, नाक आत घालायचं, मग घोट तोंडात घोळवायचा आणि नको असेल तर बादलीत थुंकायचा. चांगल्या घरच्या लोकांनी समोरासमोर बसून थुंकायचं! माझ्या आजोळी दिवाणखान्यात पितळी पिकदाणी होती, ती पाहुणे आले की लपवत असत. इथे ती पाहुण्यांसाठीच मांडलेली.

‘कशाचा वास येतो?’ बाईने विचारलं.

ही शार्डोने होती. माझ्या शेजारी वायकाटोकडचे एक गृहस्थ होते, जन्मभर दुभती जनावरं पाळलेले, आता मुलाच्या हाती गोठा सोपवून बायकोबरोबर फिरायला निघालेले. ते पटकन म्हणाले, ‘लोणी.’ बाई खूश झाली. पिंपात दुसऱ्यांदा आंबताना जिवाणू आंबट आम्ल सौम्य करतात आणि त्यात डायसेटिल नावाचा पदार्थ तयार होतो. लोण्याला वास येतो तो त्याचाच. बाकीच्यांनी नासपती म्हटलं, लिंबू म्हटलं, टोस्ट म्हटलं. माझी पाळी आली. मला येत होता तो वास होता उन्हात तापलेल्या तणसाचा. गंजी रचताना पहिल्या दिवशी येतो तो. इंग्रजीत मी ‘भाताचं वाळलेलं गवत’ असं काहीतरी म्हटलं. बाईने मान हलवली, शिक्षिका चुकीच्या पण प्रामाणिक उत्तराला हलवते तशी. ती मान मला चांगली ओळखीची आहे. पण गोठेवाले गृहस्थ माझ्याकडे वळले. ‘गवत,’ म्हणाले, ‘हो, आहे.’ आणि पुन्हा पेल्यात नाक घातलं.

तिथून आमचं जमलं.

दुसऱ्या मळ्यावर तोडणी चालू होती आणि आंबवणीच्या टाक्या दाखवायला आत नेलं. लाल द्राक्षं सालीसकट टाकीत, वर सालींचा जाड थर तरंगतो, तो दिवसातून दोनचारदा खाली दाबायचा. वरचं झाकण उघडलं तसा तो वास अंगावर आला. गोड, आंबट, थोडा कुजका, थोडा फुलांचा. घशात आधी कळतो आणि नाकात नंतर. मी दोन पावलं मागे सरले. लेकीला वाटलं, मळमळलं. तसं नव्हतं. हा वास माझ्या ओळखीचा होता. आमच्याकडच्या वर्तमानपत्रांत तो दर उन्हाळ्यात पोलिसांच्या बातमीत येतो: अमुक जंगलात हातभट्टीवर धाड, मोहाचा इतके लिटर सडवा नष्ट. इथे सडवा चकचकीत टाकीत होता, त्याला तापमान दाखवणारा आकडा होता, आणि तो बघायला आम्ही पैसे भरून आलो होतो.

मोहाचं फूल मी ज्यांना दाखवू शकत नव्हते त्यांना शब्दांत सांगायचा प्रयत्न केला. फूल म्हणजे पाकळ्या नव्हेत, बोराएवढा मांसल, फिकट पिवळा गोळा. रात्रभर गळत राहतो. गळताना मधला दांडा झाडावरच राहतो, म्हणून फुलाला आरपार भोक असतं आणि ती काडीत ओवता येतात. पहाटे वेचलेलं फूल दाबलं तर बोटांना चिकट रस लागतो. दुपारपर्यंत तसंच पडून राहिलं तर आंबायला लागतं. म्हणून अंगणात पसरून वाळवायचं. वाळलं की तपकिरी होतं, आणि मग वर्षभर टिकतं. फुलं पाचोळ्यात हरवू नयेत म्हणून झाडाखालचा पाला आधी जाळून टाकतात, त्यातून वणवेही लागतात. आईने भाजलेला मोह तिळात कुटून केलेले लाडू आम्ही खाल्ले आहेत. दारू ही मोहाची एक गोष्ट आहे, एकुलती एक नाही. मार्चात माझ्या वर्गात पटावर नावं असत, मुलं नसत. दहाच्या सुमारास येत, हात चिकट, डोळ्यांत झोप. मी कधी रागावले नाही. त्या महिन्यातल्या वह्यांची पानं एकमेकांना चिकटलेली असत.

आणि तरी कित्येक वर्षं हे फूल म्हणजे जणू गुन्ह्याचा कच्चा माल होता. साठवायला परवाना, न्यायला परवाना. २०२१ साली राज्य सरकारने मोहफुलं गोळा करणं, साठवणं, वाहून नेणं यांवरची बंधनं उठवली. द्राक्षाच्या वाईनला मात्र २००१ सालीच स्वतंत्र धोरण करून सवलती दिल्या होत्या, आणि २०२२च्या जानेवारीत ती किराणाच्या मोठ्या दुकानांत ठेवावी की नाही यावर महाराष्ट्रभर भांडण झालं. वाईन ही दारू आहे का, असा प्रश्न तेव्हा गंभीर चेहऱ्याने विचारला गेला. मोहाबद्दल तसा प्रश्न कोणाला पडला नाही. वाईन नुसती आंबवतात आणि मोहाची ऊर्ध्वपातनाने काढतात, धारेची काढतात, ती कितीतरी कडक असते, हे मला मान्य आहे. पण हा फरक तपमानाचा आणि मडक्याचा. सन्मानाचा फरक कुठून आला ते मला टाकीपाशी उभं राहून कळत होतं. एका फळाला जमीनदार मिळाला, दुसऱ्या फुलाला फौजदार.

तिसऱ्या ठिकाणी सिरा. इथे नाकांची खरी गंमत झाली. बाई म्हणाली, यात काळी मिरी शोधा. मिरीतला रोटुंडोन नावाचा पदार्थच या द्राक्षाच्या सालीत असतो, आणि पाचात एका माणसाला त्याचा वास अजिबात येत नाही. आमच्या लेकीला आला नाही. चार घोट घेतले, डोळे मिटले, काही नाही. मला पहिल्याच हुंगण्यात आला, मसाल्याचा डबा उघडल्यासारखा. तिला फार वाईट वाटलं. इतकी वर्षं या देशात राहून आई पुढे गेली!

मग मी माझ्याकडचं एक सांगितलं. कोलकात्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेतले जीवशास्त्रज्ञ रतनलाल ब्रह्मचारी वाघाच्या वासामागे लागले होते. वाघ शेपटी वर करून झुडपावर जो फवारा मारतो, हद्द आखतो, त्याला सुवासिक तांदळासारखा वास येतो. तो ज्यामुळे येतो तो पदार्थ, टू-ॲसिटिल-वन-पायरोलिन, सुवासिक तांदळातलाच, असं त्यांनी दाखवलं. हाच पदार्थ मोहाच्या फुलातही सापडला. म्हणजे भंडाऱ्याच्या चिन्नोर तांदळाला, ज्याला भौगोलिक मानांकन मिळालं आहे, जो निसवला की धुऱ्यावरून चालतानाच कळतो, त्या तांदळाला, मोहाला आणि कोका-नागझिऱ्यातल्या वाघाला एक धागा आहे, आणि तो नाकातून जातो. इतके दिवस मला ही माहिती होती. विज्ञानाच्या तासाला मी सांगतही असे. पण हातात पेला धरून सांगताना ती पहिल्यांदा माझी झाली. गोठेवाल्यांच्या बायकोने विचारलं, ‘वाघ तुमच्या घरापासून किती लांब?’ मी म्हटलं, कधीकधी फार लांब नसतो. तिने पेला खाली ठेवला.

शेवटचा मळा उंचावर होता, खाली खाडी, आणि तळघरात बाटल्या. एका बाटलीची किंमत लेकीने रुपयांत करून सांगितली; मी म्हटलं, पुन्हा सांगू नको. सगळ्या बाटल्या आडव्या. बूच ओलं राहावं म्हणून आडव्या ठेवतात. मला हसू फुटलं आणि मग ते कोणाला तरी सांगावंच लागलं.

आमच्याकडे आडवी बाटली म्हणजे निवडणुकीतलं चिन्ह. गावातलं दारूचं दुकान बंद करायचं तर बायांचं मतदान होतं; उभी बाटली म्हणजे दुकान राहू दे, आडवी म्हणजे बंद करा. निम्म्याहून जास्त बायांनी आडवीवर शिक्का मारला तर दुकान जातं. आसपासचे जिल्हे तर आख्खेच कोरडे करून पाहिले आहेत: वर्धा, गडचिरोली, मग २०१५ साली चंद्रपूर; तिथली बंदी २०२१ साली उठवली. आमच्या गावात आडव्या बाटलीसाठी अर्ज फिरला तेव्हा सही करणाऱ्यांत मी होते. ज्या मुली मार्चात चिकट हातांनी शाळेत येत, त्यांतल्या काहींच्या घरी संध्याकाळी काय होतं ते मला माहीत होतं. फुलाचा मान आणि बाटलीचा राग, दोन्ही माझ्याच डोक्यात राहतात. त्यांना वेगळ्या खोल्या देणं मला जमलेलं नाही.

गोठेवाले गृहस्थ बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, हे तर आमच्याकडेही झालं. १८९३ साली न्यूझीलंडच्या बायकांना मताचा हक्क मिळाला, जगात कोणत्याही देशाच्या आधी, आणि तो मागणाऱ्या केट शेपर्ड दारूविरोधी संघटनेतल्याच. त्यांचा चेहरा आज दहा डॉलरच्या नोटेवर आहे. १९१९च्या एप्रिलमधल्या सार्वमतात देशभर दारूबंदी व्हायचीच होती. परदेशी असलेल्या सैनिकांची मतं मोजली तेव्हा ती थोडक्यात हुकली. दारूचे गुत्ते १९१७पासून १९६७पर्यंत संध्याकाळी सहाला बंद. ‘माझी आजी,’ ते म्हणाले, ‘पांढरी फीत लावायची कोटाला. दारूविरोधी बायकांची खूण. घरात वाईनची बाटली दिसली असती तर तिने ती मोरीत ओतली असती.’

मी सांगितलं की मी आजीच्या बाजूची. सही केली आहे.

त्यांनी माझ्या हातातल्या पेल्याकडे पाहिलं, मग टेबलावरची ती स्टीलची बादली उचलून अत्यंत अदबीने माझ्यापुढे सरकवली.

घोट तोंडातच होता. मी तो गिळला.