दोनदा कापलेली फी

कॉलेजची फी ऑनलाइन भरून घेणाऱ्या सिस्टिमचं बॅकएंड माझ्याकडे होतं. पेमेंट गेटवेकडून ठरलेल्या वेळात उत्तर आलं नाही, की तोच कॉल पुन्हा करायचा, असा कोड मी लिहिला होता. रिव्ह्यूतही तो कुणाला खटकला नाही. प्रवेशाच्या शेवटच्या दिवशी गेटवे मंदावला आणि काही पालकांच्या खात्यातून फी दोनदा कापली गेली. पहिला कॉल पोचला होता, पैसेही गेले होते. उत्तर तेवढं अडकलं होतं. टाइमआउट झाला म्हणजे पेमेंट झालं नाही, असं मी धरून चालले होते. प्रत्यक्षात ते झालं की नाही, हे आम्हाला कळलेलंच नव्हतं.

त्यात रीट्राय एकाच जागी नव्हता. ॲप तीनदा प्रयत्न करायचं, आमची सर्व्हिस तीनदा, खालची एचटीटीपी लायब्ररीही तीनदा. बटण एकदा दाबलं तरी गेटवेवर 27 कॉल जाऊ शकत होते, तेही तो आधीच दमलेला असताना. सपोर्टने एका आईचा फोन माझ्याकडे दिला. "ताई, दुसऱ्यांदा गेले ते घरभाड्याचे होते," एवढंच त्या म्हणाल्या. रिफंड किती दिवसांत येईल, ते मला सांगता आलं नाही.

मग मी दुसरं टोक गाठलं. एरर आली की प्रोसेस सरळ मरू द्यायची, तिच्यावर नजर ठेवणारा सुपरवायझर ती पुन्हा उभी करेल. एर्लँग ही प्रोग्रामिंग भाषा घडवणाऱ्यांपैकी एक, जो आर्मस्ट्राँग, यांनी 2003 च्या प्रबंधात हा विचार सविस्तर मांडला आहे आणि तो मला आजही पटतो. पण रक्कमच चुकीच्या स्वरूपात असलेला एक मेसेज क्यूमध्ये आला. प्रोसेस मरायची, उठायची, तोच मेसेज पुन्हा उचलायची. मागच्या सगळ्या पावत्या तुंबल्या. एर्लँगमध्ये ठराविक मुदतीत फार रीस्टार्ट झाले, तर सुपरवायझर स्वतः थांबतो आणि प्रश्न वर सोपवतो. हा अर्धा भाग मी घेतलाच नव्हता.

एरियान 5 रॉकेटचं पहिलं उड्डाण 4 जून 1996 रोजी असंच फसलं. 64 बिटांची संख्या 16 बिटांत मावली नाही. मुख्य आणि राखीव, दोन्ही यंत्रणांत तेच सॉफ्टवेअर असल्याने दोन्ही एकाच कारणाने बंद पडल्या. क्षणिक बिघाडावर रीस्टार्ट किंवा राखीव यंत्रणा चालते. दर वेळी हमखास होणाऱ्या चुकीपुढे दोन्हींचा उपयोग नाही.

आता पालकाने बटण दाबताच त्या पेमेंटला एक आयडी मिळतो आणि गेटवे त्या आयडीवर दुसऱ्यांदा पैसे घेत नाही. टाइमआउट झाला तर आधी स्टेटस विचारतो. रीट्राय फक्त सर्व्हिसमध्ये, वाढत्या अंतराने. वारंवार आपटणारा मेसेज बाजूला काढून माणसाकडे पाठवला जातो.

स्टेटस रात्रीपर्यंत कळलं नाही आणि फी भरायची मुदत संपली, तर काय करायचं, हे कोडने ठरवण्यासारखं नव्हतं. बटण दाबल्याची वेळच फी भरल्याची वेळ धरावी, असा आग्रह मी कॉलेजकडे धरला. त्यांनी तो लेखी मान्य केला.