नीलगिरी

नातवाला सर्दी झाली म्हणून सुनेनं रुमालावर नीलगिरीच्या तेलाचे थेंब टाकले. बूच नीट लागलं नव्हतं, बाटली कलंडली आणि घरभर वास पसरला. त्या वासानं मला सर्दी नाही आठवत. इंजेरा, म्हणजे टेफ या धान्याची इथिओपियातली भाकरी, भाजताना तव्याखाली जळणारा नीलगिरीचा पाला आठवतो, त्याचा डोळ्यांत जाणारा धूर आठवतो, आणि शेवटच्या बाकाशी उभी राहिलेली एक मुलगी.

बाहिर दार हे इथिओपियातलं टाना सरोवराच्या काठचं शहर. निळी नाईल इथूनच निघते. तिथे मी विद्यापीठातल्या पहिल्या वर्षाच्या मुलांना इंग्रजी शिकवत होते. सकाळी आठचा तास तिथल्या घड्याळात दोनचा असे, कारण दिवसाचे तास सूर्य उगवल्यापासून मोजतात. रस्त्यावर जिकडेतिकडे तीनचाकी बजाज. रिक्षाला तिथे बजाजच म्हणतात. बजाजच्या वाळूजच्या कारखान्याच्या शेजारगावात वाढलेल्या मला त्या नावाचा परक्या गावात फार आधार वाटला.

ती मुलगी गोज्जाम भागातल्या खेड्यातून आलेली. खांद्यावर पांढरी नेटेला, म्हणजे तिथली ओढणी. नाव पुकारलं की आपल्या शाळेतल्यासारखी ताठ उभी राहायची, माझ्या टेबलाकडे बघत राहायची आणि बोलायची नाही. मी खाली बसायला सांगेपर्यंत तशीच. वर्गात कुणी हसायचं नाही. शेजारची मुलगी फक्त तिची वही सरळ करून ठेवायची.

मी शिकत होते तेव्हा आमच्या वर्गात मात्र हसले होते. आम्हाला इंग्रजी पाचवीपासून, आणि कॉलेजात गेल्यावर एकदम सगळंच इंग्रजीत. एका प्राध्यापकांनी कवितेवर प्रश्न विचारला. उत्तर मला मराठीत अगदी लख्ख सुचलेलं होतं. मी उभी राहिले, तोंडातून शब्द फुटेना. ते पुढच्या बाकांकडे वळून माझ्या गावाविषयी काहीतरी बोलले आणि पुढचे बाक हसले. त्या हसण्याचा राग माझ्या मनात अजून आहे, आणि तो जावा असं मला वाटत नाही. पुढे मी इंग्रजीतच एम. ए. केलं ते बरंचसं त्या रागापोटी.

इथिओपियावर इंग्रजांचं राज्य कधीच नव्हतं. 1936 ते 1941 अशी पाच वर्षं इटालियनांनी देश बळकावला होता, तेवढंच. सम्राट हायले सेलासी ब्रिटिश फौजांच्या मदतीनं परतले आणि त्यानंतर माध्यमिक शाळांत आणि कॉलेजांत इंग्रजी माध्यम पक्कं होत गेलं. आजही मूल प्राथमिक शाळा मातृभाषेत शिकतं आणि मग भौतिकशास्त्र, जीवशास्त्र, इतिहास, सगळं इंग्रजीतून. आपल्याला धडा कळला नाही की इंग्रजी कळलं नाही, हे त्या मुलांना स्वतःलाही सांगता येत नसे.

एका सकाळी मी पुस्तक मिटलं आणि सांगितलं, घराजवळच्या झाडाबद्दल लिहा, आधी तुमच्या भाषेत. मुलं एकमेकांकडे बघायला लागली. मग पेनं चालायला लागली. अम्हारिक अक्षरं मी एव्हाना सावकाश वाचायला शिकले होते. आपली बाराखडी तशी त्यांची सातखडी, प्रत्येक अक्षराची सात रूपं. अर्थ मात्र लागत नसे. त्या मुलीनं पान भरलं, उलटलं, मागची बाजूही भरली. त्यानंतर इंग्रजीत लिहायला सांगितलं तेव्हा तिनं थोडीच वाक्यं लिहिली. ती अशी: बाबांनी आमच्या टेफच्या शेतात नीलगिरी लावली. तिचे वासे विकून मी इथे आले. आता शेजाऱ्यांच्या शेतात टेफ नीट येत नाही. ते आमच्याशी बोलत नाहीत.

व्याकरणाच्या चुका होत्या. मी लाल पेन बाजूला ठेवलं.

नीलगिरी तिथलीही नव्हे. मूळची ऑस्ट्रेलियाची. 1890 च्या दशकात नव्या अदिस अबाबात सरपणाची टंचाई झाली, तेव्हा मेनेलिक सम्राटाच्या काळात ती आणून लावली. पूर्वी लाकूड संपलं की राजाची छावणीच दुसरीकडे हलायची. हे झाड आल्यावर राजधानी एका जागी टिकली. भराभर वाढणारं, पैसा देणारं आणि आसपासचं पाणी पिणारं झाड. 1980 च्या दशकात सामाजिक वनीकरणाच्या रोपवाटिकेतून ते आमच्या बांधावरही आलं होतं. चुलते त्यावरून वडिलांशी बोलेनासे झाले, कारण आमच्या झाडांलगत त्यांचा कांदा पोसत नव्हता. ते पान हातात घेऊन मी वर्गात उभी होते आणि मला आमचा बांध दिसत होता. इंग्रजी हीही आपल्याकडे अशीच लावलेली नीलगिरी आहे असं मला तेव्हापासून वाटतं. तिच्यावर मी पोट भरलं. लगतच्या शेताची काळजी करणं म्हणूनच माझ्याकडे येतं.

इथे मलिक अंबर मध्ये येतो. टाळू म्हटलं तरी टळत नाही. सोळाव्या शतकात इथिओपियात जन्मलेला, चापू नावाचा मुलगा. गुलाम म्हणून विकला गेला, बगदादला गेला, तिथून दख्खनेत अहमदनगरला पोहोचला आणि निजामशाहीचा पेशवा झाला. 1610 मध्ये त्यानं खडकी शहर वसवलं. तेच पुढे औरंगाबाद, आताचं छत्रपती संभाजीनगर, माझं कॉलेजचं गाव. 1626 मध्ये तो वारला. कबर खुलदाबादला आहे. त्याचा गनिमी कावा, त्याची जमीनमोजणी, त्याचा नहर, सगळं आपण शाळेत शिकलो. बाहिर दारहून परतल्यावर मी त्या कबरीपाशी गेले तेव्हा मनात एकच होतं. या माणसाच्या आईची भाषा कोणती होती, आणि विकल्या गेलेल्या त्या पोराला ती बोलायला पुन्हा कुणी भेटलं का?

इंग्रजी शिकवणाऱ्या सगळ्यांना, मग तुम्ही जालन्यात असा की जगात कुठेही, माझी विनंती आहे. जो उभा राहून गप्प राहतो त्याला आधी एक पान त्याच्या भाषेत लिहू द्या. तुम्हाला ते वाचता आलं नाही तरी चालेल. त्या पानाला गुण देऊ नका.