बोटांवर आलेली कविता

कविता लिहायला सुरुवात कशी करावी, असं कुणी विचारलं की जाणती माणसं 'भरपूर वाचा' म्हणतात, नाहीतर 'ती आतून यावी लागते' असं सांगून विषय मिटवतात. दोन्ही खरं आहे. तरी वाचून वाचून हात आपोआप लिहायला लागत नाही, आणि आतून येईल म्हणून वाट पाहत बसलेली कितीतरी माणसं मी तशीच बसून राहिलेली पाहिली आहेत. माझ्यापुरतं विचाराल तर कविता माझ्याकडे बोटांवरून आली. अंगठा पेरांवरून फिरवत अक्षरं मोजायची सवय शाळेत लागली, ती साठी उलटली तरी सुटलेली नाही.

त्याआधीचा धडा कानांनी घेतला. आमचं घर जळगाव जिल्ह्यातलं. गावात पिठाची गिरणी आली होती, पण आजी डाळ भरडायला जातंच मांडायची. शेजारची काकू समोर बसायची, खुंटा फिरायला लागायचा आणि ओवी सुरू व्हायची. एकीनं ओळ टाकायची, दुसरीनं उचलायची. भाऊ न्यायला येणार, पाऊस लांबला, धाकटीनं भाकरी करपवली. ओवीला कुठलाच विषय वर्ज्य नव्हता. आजीला अक्षरओळख नव्हती, तेव्हा अक्षरं मोजायचा प्रश्नच नव्हता. शब्द जास्त झाले तर ती भरभर म्हणून टाकी, कमी पडले तर शेवटचा स्वर ओढून जात्याच्या फेऱ्याशी जुळवून घेई. हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांनी खेड्यापाड्यांतल्या बायकांकडून अशा 1 लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्याचं मी पुढे वाचलं. म्हणजे माझी आजी केवढ्या मोठ्या कविमंडळाची सभासद होती! तिला कुणी कवयित्री म्हटलं असतं तर तिनं पदर तोंडाला लावून हसून घेतलं असतं.

आमच्या भागात याचा दाखला शोधायला लांब जावं लागत नाही. असोद्याच्या बहिणाबाई चौधरींना लिहिता-वाचता येत नव्हतं. घरात, शेतात काम करता करता त्या गात आणि त्यांचे चिरंजीव सोपानदेव ती गाणी उतरवून घेत. 1951 साली बहिणाबाई गेल्या, 1952 साली आचार्य अत्र्यांच्या प्रस्तावनेसह त्यांची गाणी पुस्तकरूपानं आली. लेखणीवाचून कविता झाली. कानावाचून झाल्याचं मात्र मला माहीत नाही.

शाळेत मनाचे श्लोक पाठ होते, आणि ते भुजंगप्रयात वृत्तात आहेत हे आमच्या मराठीच्या गुरुजींनी बाकावर टिचक्या मारून समजावलं. 'यमाताराजभानसलगम्' हा मंत्र तेव्हाचाच. त्यातलं एक अक्षर घ्यायचं, पुढची दोन जोडायची, की त्या अक्षराचा गण तयार. यमाता म्हणजे लघु, गुरु, गुरु. हा य गण ओळीत चार वेळा आला, की बारा अक्षरांचा भुजंगप्रयात. गुरुजी म्हणाले, घरातलं एक वाक्य या चालीत बसवून आणा. मी लिहून नेलं: 'कुणी आज डाळीत टाका मिठाला'. गुरुजींनी टिचक्या मारून पाहिल्या आणि म्हणाले, ''वृत्त चोख आहे. पण घरात 'मिठाला टाका' असं कोण म्हणतं गं?'' वृत्तात बसूनही ओळ माणसाच्या बोलण्यासारखी राहिली पाहिजे, हे मी त्या डाळीतल्या मिठावर शिकले.

कॉलेजात गेल्यावर वृत्तं जुनाट वाटू लागली. नारायण सुर्व्यांचं 'ऐसा गा मी ब्रह्म' हातात आलं आणि वाटलं, आता कशाला मोजायचं? पानंच्या पानं मुक्तछंदात लिहिली. त्यातली एक कविता एका संपादकांनी पोस्टकार्डासह परत पाठवली. कार्डावर एवढंच होतं: 'शेवटच्या दोन ओळी काढा. त्यांत तुम्ही कविता समजावून सांगितली आहे.' काढून पाहिल्या, तर खरोखरच काही कमी झालं नव्हतं. उरलेल्या ओळी मोठ्यानं वाचताना लक्षात आलं, की बरी वाटणारी प्रत्येक ओळ श्वास घेण्याच्या जागेवरच मोडलेली आहे. मुक्तछंदात मोजदाद सुटते, लय सुटत नाही. मर्ढेकर किती नवे, पण गिरण्यांच्या, भोंग्यांच्या मुंबईची घुसमट मांडताना त्यांनी ओवी आणि अभंगच जवळ केले. माझा अंगठा पुन्हा पेरांवर आला.

आता रविवारी सकाळी आमच्या वाचनालयात कविता लिहू पाहणारी मंडळी जमतात. कॉलेजची मुलं असतात, निवृत्त शिक्षक असतात, मुलं शाळेला लागल्यावर थोडी मोकळी झालेली आई असते. 'आता या वयात?' हा प्रश्न दर वेळी येतो. मी म्हणते, 1907 साली जळगावात कविसंमेलन भरलं तेव्हा धरणगावचा त्र्यंबक ठोमरे सतरा वर्षांचा होता, तिथून तो बालकवी होऊन बाहेर पडला; आणि बहिणाबाईंचं पुस्तक त्यांच्या मागे निघालं. आपण सगळे यांच्या मध्येच कुठेतरी आहोत.

मग आठ अक्षरांची ओळ देते. जोडाक्षर एकच धरायचं, ऱ्हस्व-दीर्घ पाहायचं नाही, आठ झाली की ओळ संपली. अटी दोनच: आज पाहिलेली वस्तू हवी, आणि दुःख, वेदना, चांदणं, काळीज हे शब्द नकोत. मागे एका बाईंनी लिहिलं: 'नळाखाली ही बादली / रिकामी तेव्हा बोलते / भरता भरता मग / हळूहळू गप्प होते'. सगळे क्षणभर त्या बादलीकडे पाहायला लागले. पण बाईंनाच तिसरी ओळ खटकत होती. बोटं मोजली, अक्षरं आठच. खटकत होता तो 'मग'. तो केवळ शेवटची दोन अक्षरं भरून काढायला बसला होता. आमच्याकडे याला भरीचा शब्द म्हणतात. बरीच खाडाखोड झाल्यावर त्यांनी 'भरता भरता तीच' केलं. अक्षरं तेवढीच, पण मघाशी बोलणारी आणि आता गप्प झालेली बादली एकच आहे, हे त्या 'तीच'मुळे उमटलं. कविता लिहिणं म्हणतात ते बरंचसं हेच काम आहे.

तेव्हा लिहायचं मनात असेल तर मुहूर्त पाहू नका. आवडती एखादी कविता आधी स्वतःच्या हातानं वहीत उतरवा. छापलेल्या पानावर न दिसलेल्या तिच्या जागा उतरवताना दिसतात. मग आजच्या दिवसातली एक वस्तू घ्या आणि आठ-आठ अक्षरांच्या चार ओळी करा. भरीचा शब्द शोधून काढा. शेवटच्या ओळीत उपदेश शिरला असेल तर ती खोडा. वही दोन-चार दिवस मिटून ठेवा आणि पुन्हा पाहा. हात बसला की आठाचे नियम खुशाल मोडा. काय मोडतो आहोत हे तेव्हा ठाऊक असेल. छापायची, मोबाईलवरून चारचौघांना धाडायची घाई नको. आधी घरातल्या कुणालातरी मोठ्यानं वाचून दाखवा. वाचताना जिथे जीभ अडखळेल, तिथे काम बाकी आहे.