उंटवाल्यांच्या वाटेवर एक दिवस

व्यापारी कुळात जन्मलेल्या माणसाला परमुलूख नवा नसतो. आपल्यापैकी अनेकांचे पूर्वज मारवाड-गुजरात सोडून दक्षिणेत आले, त्यांनी दुकाने घातली आणि ते इथलेच झाले. तरीही आपला मुलगा परदेशाचे नागरिकत्व घेऊ पाहतो, तेव्हा बापाच्या पोटात कालवाकालव होतेच. गेल्या वर्षी जूनमध्ये, चातुर्मासापूर्वी, मी व सौ. ऑस्ट्रेलियात अ‍ॅडलेडला चिरंजीवांकडे गेलो. त्या घरात हा विषय दबक्या आवाजात चालू होता. तो उघडपणे निघाला तो शेकडो किलोमीटर उत्तरेला, निर्जन माळरानावर.

मारी हे वाळवंटाच्या कडेचे लहानसे गाव. तेथून ऊडनाडाटामार्गे मारलापर्यंत सुमारे ६२० किलोमीटरचा कच्चा रस्ता जातो. आम्हाला त्यातला पहिला टप्पा करून कावर्ड स्प्रिंग्ज येथे मुक्काम करायचा होता. निघण्यापूर्वी चिरंजीवांनी चारही टायरमधली हवा थोडी कमी केली. खडीच्या रस्त्यावर त्याने टायर टिकतो. मी, बँकेतल्या ३६ वर्षांच्या सवयीने, शिलकीची यादी वाचली : दोन जादा चाके, इंधनाचा डबा, चार माणसांना चार दिवस पुरेल एवढे पाणी, ठेपले आणि खाकरे. गाव मागे पडताच मोबाइल मुका झाला.

रस्त्याच्या कडेने जुन्या ‘घान’ रेल्वेचा मोडका बांध सोबत करतो. अरुंद रुळांचा हा मार्ग १९८० साली बंद झाला आणि गाडी पश्चिमेकडच्या नव्या मार्गाने धावू लागली. ‘घान’ हे नाव ‘अफगाण’ वरून पडले असे सांगतात. रेल्वे येण्यापूर्वी या प्रदेशात माल वाहिला तो उंटांनी. १८६० च्या दशकापासून कराचीहून उंट आणि त्यांचे हाकणारे येथे आणले गेले. सरसकट अफगाण म्हटली गेलेली ही माणसे बलुचिस्तान, सिंध, पंजाब अशा तेव्हाच्या हिंदुस्थानातल्या मुलखांतूनही आली होती. १८७२ साली पूर्ण झालेल्या तारायंत्राच्या मार्गाचे सामान त्यांनी वाहिले. मारीत त्यांची वस्ती होती; त्यांच्या मशिदीची प्रतिकृती तेथे आजही आहे.

दुपारी आयर सरोवराचा दक्षिण भाग दिसला. समुद्रसपाटीपेक्षा सुमारे १५ मीटर खाली असलेला हा तळ बहुधा कोरडाच असतो. क्षितिजापर्यंत मीठ आणि त्यावर ऊन. सौ. बराच वेळ काही बोलल्या नाहीत.

तेथून थोडे पुढे गेलो आणि मागचे चाक बसले. भुसभुशीत मातीत जॅक रुतू लागला. तेवढ्यात समोरून धुळीचा लोट आला आणि एक जुनी गाडी थांबली. गुरांच्या कुरणावर काम करणारा तो गृहस्थ काही न विचारता उतरला. आपल्या गाडीतली जाड फळी त्याने जॅकखाली सरकवली आणि वीस मिनिटांत चाक बदलून दिले. मी पाकीट काढले, तर हसून म्हणाला, “पुढे कोणी अडलेला दिसला तर थांबा.” जन्मभर तारण पाहून कर्ज देत आलो, येथे अनोळखी माणसाने तारणाशिवाय दिले आणि परतफेडही तिसऱ्याच्याच खात्यावर लावली!

सायंकाळचे वाहन चालवणे तेथे टाळतात, कारण कांगारू व गुरे वाटेवर येतात. सूर्यास्तापूर्वी जेवण्याचा आमचा नियम आणि वाटेवरच्या जीवांचे रक्षण, दोन्ही गोष्टी त्यामुळे आपोआप साधल्या. कावर्ड स्प्रिंग्जला भूगर्भातून येणारे कोमट पाणी आहे आणि खजुराची झाडे आहेत. त्यांच्या सावलीत आम्ही तंबू ठोकले.

अंधार पडल्यावर थंडी वाढली. तेव्हा चिरंजीव म्हणाले, “पप्पा, अर्ज भरून ठेवला आहे. तुम्ही हो म्हटल्याशिवाय पाठवणार नाही.”

सूनबाई खाली पाहत होत्या. आपल्या कायद्यात दुहेरी नागरिकत्व नाही. तेथले घेतले की येथले संपते. ओसीआय कार्ड मिळते, पण मतदान करता येत नाही आणि शेतजमीन विकत घेता येत नाही. वारसाहक्काने मात्र येऊ शकते. हे सारे मला तोंडपाठ होते. वहीतली बाजू पक्की होती, मनाची नव्हती.

मला ते उंटवाले आठवले. कित्येकांनी या मातीत आयुष्य घालवले. पण १९०३ च्या कायद्याने आशियात जन्मलेल्या मूळ रहिवाशांना नागरिकत्वाचा अर्ज करण्याचीही मुभा ठेवली नाही. रंगभेदाचे ते धोरण पूर्णपणे मोडीत निघाले ते १९७३ साली. ज्या दारावर त्यांना उभे राहू दिले नाही, ते माझ्या मुलासाठी उघडे होते, आणि तरीही तो बापाच्या होकारासाठी उंबऱ्याबाहेर थांबला होता.

मी म्हणालो, “पाठवा. फक्त दोन गोष्टी सांभाळा. नातवंडांशी घरात मराठी बोला, आणि वाटेत कोणी अडलेला दिसला तर थांबा.” सौ.नी डोळे पुसले, आणि सूनबाईंनी चहाचे आधण ठेवले. आमच्यासाठी नव्हे, स्वतःपुरते.

वाचकहो, आपल्या घराघरांतली मुले आज सिंगापूर, दुबई, मेलबर्नला आहेत. कागदपत्रांचे नियम अवश्य समजून घ्यावेत. जमीन, वारसा, बँक खाती यांची व्यवस्था वेळेत लावावी. परंतु हा प्रश्न मुलांनी भीत भीत विचारावा अशी वेळ त्यांच्यावर येऊ देऊ नये. पूर्वजांनी गाव सोडले तेव्हा त्यांच्या वडिलांनीही कधीतरी मनावर दगड ठेवून ‘जा’ म्हटलेच असेल. त्या एका शब्दावर आपल्या पेढ्या उभ्या आहेत.