टाकीच्या तळाशी

होडीच्या पाठीमागे टांगलेली पेट्रोलची यंत्रे उघडण्या-जोडण्यात मालवणच्या किनाऱ्यावर ज्यांची हयात गेली, त्या आम्हा कारागिरांचा इंधनाची पारख वासावरून आणि रंगावरून करण्याचा शिरस्ता होता. परंतु पेट्रोलमधील इथेनॉलचे प्रमाण 2022 साली 10 टक्क्यांवर आणि 2025 साली 20 टक्क्यांवर जाऊन पोहोचले, तेव्हापासून तो शिरस्ता अपुरा पडू लागला आहे. हे इथेनॉल ज्याच्या उसातून निघते त्या घाटावरच्या शेतकऱ्याच्या पदरात चार पैसे पडत असतील तर ते अवश्य पडोत. माझी तक्रार त्याच्याशी नाही. मात्र होडीवरच्या कित्येक यंत्रांच्या पुस्तिकांत 10 टक्क्यांचीच मर्यादा छापलेली आहे, हेही नाखव्याच्या कानावर घालणे मी माझे कर्तव्य समजतो.

निव्वळ पेट्रोलमध्ये पाणी शिरले तर ते तळाशी निराळे बसते आणि दिसते. मिश्रित पेट्रोल मात्र ते पाणी प्रथम स्वतःत सामावून घेते, निर्मळ दिसत राहते, आणि त्याची ग्रहणशक्ती संपली, किंवा पावसाळी रात्रीच्या गारव्याने ती घटली, की इथेनॉलला सोबत घेऊन ते पाणी तळाशी उतरते. 10 टक्क्यांच्या मिश्रणाला 15 अंश तापमानात शेकडा अर्धा भाग पाणी त्यासाठी पुरते, म्हणजे 20 लिटरच्या टाकीत अवघा अर्धा पेला. 20 टक्क्यांचे मिश्रण याहून अधिक पाणी सोसते, पण फाटले म्हणजे तळचा थरही तितकाच मोठा पडतो. यंत्राची शोषनळी नेमकी त्याच तळातून इंधन उचलते. यंत्र तेथेच बंद पडले तर दैव अनुकूल म्हणावे. कारण तेलमिश्रित पेट्रोलवर चालणाऱ्या जुन्या टू-स्ट्रोक यंत्रात वंगणाचे तेल वरच्या थरात राहून जाते, आणि यंत्र तसेच रेटले तर बेअरिंगे वंगणावाचून फिरून जळतात. एकदा फाटलेले पेट्रोल कोणतेही औषध घालून पूर्ववत होत नाही. तसली औषधे विकणाऱ्यांवर विश्वास ठेवू नये.

सारा दोष हवेतील दमटपणावर ढकलण्याची रीत पडली आहे, ती मला मान्य नाही. हवेतून येणारे पाणी फार संथपणे येते. मी उघडलेल्या टाक्यांत पाण्याची वाट बहुधा झाकणाच्या झिजलेल्या रबरातून, ओल्या नरसाळ्यातून, किंवा उघड्या राहिलेल्या हवेच्या स्क्रूतून निघाली आहे, आणि या तिन्हींचा बंदोबस्त माणसाच्या हातचा आहे. जुन्या टाकीतील साचलेला चिकट थर इथेनॉल सोडवून आणते व तो गाळणीत अडकतो, म्हणून आरंभी गाळणी वारंवार पाहावी लागते. नळ्याही इथेनॉलला टिकणाऱ्या रबराच्याच घ्याव्यात.

खरा घात होतो तो 1 जून ते 31 जुलै या मासेमारीबंदीच्या मुदतीत, आणि प्रवासी होड्यांच्या बाबतीत त्याहूनही लांबलेल्या विश्रांतीत. टाकी काठोकाठ भरून ठेवावी, म्हणजे आत हवेला जागा उरत नाही, असा सल्ला परदेशी पुस्तकांत आढळतो. मोठ्या, बांधीव टाक्यांना तो योग्य असेल, पण आमच्या सुट्या टाक्यांना नाही. यंदा होडी शाकारण्यापूर्वी टाकी पूर्ण उपसा, नळी काढून यंत्र आपोआप बंद पडेपर्यंत चालवा, कार्ब्युरेटरच्या वाटीचा तळचा स्क्रू सोडून उरलेले थेंब गाळा, आणि उपसलेले पेट्रोल काचेच्या बाटलीत एकजीव दिसले, व त्यात तेल मिसळलेले नसले, तर त्याच आठवड्यात मोटारसायकलीत जाळून टाका.