झाकली मूठ

अमेरिकेत गरिबांना अन्नासाठी मिळणाऱ्या सरकारी साहाय्याचे अर्ज पाहिले, तर त्यांतल्या पुष्कळशा अर्जांत एक वाक्य आढळते. साहित्य शिकवणाऱ्या माणसाला त्या वाक्यापाशी थांबावेच लागते. आशय असा : जो खर्च तुम्ही कळवणार नाही, किंवा ज्याचा पुरावा देणार नाही, त्याची वजावट तुम्हांला नको आहे असे निवेदन तुम्हीच केले, असे समजण्यात येईल. मौनालाही अर्थ असतो, हे आम्ही दोघे गेली वीसेक वर्षे आपापल्या वर्गांत सांगत आलो आहोत. त्या मौनाची दरमहा एकशे दहा डॉलर अशी किंमत काढता येते, हे मात्र २०२५च्या उन्हाळी सुट्टीत कळले.

आम्हा दोघांपैकी जी भाची आहे, तिची मावशी त्या देशाच्या पूर्वेकडील एका लहान शहरात एकटी राहते. वय अठ्ठ्याहत्तर. १९९३ साली, वैधव्यानंतर, मुलाच्या संसाराला हातभार म्हणून गेली. नातवंडे शाळेत जाऊ लागली तशी एका पाळणाघराच्या स्वयंपाकघरात कामाला लागली आणि तिथे वीस वर्षे राबली. यथावकाश नागरिकत्व घेतले. मुलाची बदली दूरच्या राज्यात झाली तेव्हा तिने सोबत जाण्याचे नाकारले आणि वृद्धांसाठीच्या इमारतीत एक खोली भाड्याने घेतली. आम्ही तिच्याकडे दोन आठवडे राहिलो. तिसऱ्या दिवशी तिने चष्म्याच्या घरातून एक घडी घातलेला कागद काढला आणि भाचीच्या हातात दिला : “अगं, हे जरा बघ. मुदत संपत आलीय म्हणे. जावईबापूंना त्रास नको, तूच भर.”

तो फेरनोंदणीचा अर्ज होता. या योजनेचे २००८पासूनचे नाव ‘स्नॅप’. पण लोकांच्या तोंडी अजून ‘फूड स्टॅम्प’च. त्याचा उगम १९३९ सालचा. तेव्हा गरजूने नारिंगी कूपने पैसे देऊन विकत घ्यायची आणि दर डॉलरमागे पन्नास सेंटची निळी कूपने त्याला फुकट मिळायची. निळ्या कूपनांवर फक्त शिलकी ठरलेला शेतमाल घेता येई. ती योजना १९४३मध्ये थांबली, १९६४च्या कायद्याने पुन्हा आली, आणि कूपने आधी विकत घेण्याची अट १९७७च्या कायद्याने गेली. आता कूपन नाही, बँकेच्या कार्डासारखे कार्ड असते. त्यावर तुरीची डाळ मिळते, तांदूळ मिळतात, दुकानातला गरम सामोसा मात्र मिळत नाही. असो.

मावशीला या कार्डावर महिन्याला तेवीस डॉलर मिळत होते. त्या वर्षी एका माणसासाठीची कमाल रक्कम होती दोनशे ब्याण्णव. तेवीस ही एकट्यादुकट्याच्या घरासाठीची किमान रक्कम. म्हणजे हिशेबाने त्याहूनही कमी निघत असले तरी नियमाने द्यावीच लागणारी. तिचे निवृत्तिवेतन अकराशे पन्नास डॉलर आणि खोलीचे भाडे, वीज-पाणी-उष्णता धरून, आठशे. उरलेल्या साडेतीनशेत औषध, दात, चष्मा, साबण, टेलिफोन, बस आणि पोट. आम्हांला अर्थशास्त्र कळत नाही. पण एवढी वजाबाकी मराठीच्या प्राध्यापकालाही येते. मग तेवीसच का?

उत्तर जुन्या अर्जाच्या प्रतीत होते. ‘घरभाड्यापैकी तुम्ही किती भरता?’ या प्रश्नापुढे मावशीने लिहिले होते चारशे. उरलेले चारशे मुलगा परस्पर घरमालकाकडे भरतो. वैद्यकीय खर्चाच्या रकान्यात आडवी रेघ.

इथे त्या योजनेचे गणित थोडक्यात सांगणे भाग आहे. माणूस हाताशी उरलेल्या पैशांपैकी तीस टक्के अन्नावर खर्च करील, असे सरकार धरून चालते आणि कमाल रकमेतून तेवढे वजा करून उरलेले देते. ‘हाताशी उरलेले’ म्हणजे काय, हे ठरते ते वजावटींवरून. एक ठरीव वजावट सर्वांनाच मिळते. एका माणसाच्या घराला त्या वर्षी दोनशे चार डॉलर. साठ वर्षांवरील किंवा अपंग व्यक्तीला, विम्यातून भरून न येणारा जो वैद्यकीय खर्च महिन्याला पस्तीस डॉलरच्या वर जातो, तो वजा करता येतो : दंतवैद्य, चष्मा, श्रवणयंत्र, इतकेच काय, दवाखान्यात जाण्याचे भाडेसुद्धा. आणि शेवटी निवारा. या वजावटींनंतर जे उरते त्याच्या निम्म्याहून घरखर्च जितका अधिक, तितकाही वजा. इतरांना या शेवटच्या वजावटीला कमाल मर्यादा असते, वृद्धांच्या घराला ती नाही. दुसऱ्याने परस्पर भरलेले भाडे मात्र तुमचे उत्पन्नही नव्हे आणि तुमचा खर्चही नव्हे.

मावशीच्या जुन्या अर्जाप्रमाणे अकराशे पन्नासातून दोनशे चार गेले, उरले नऊशे शेहेचाळीस; त्याचे निम्मे चारशे त्र्याहत्तर; भाडे चारशेच, म्हणून निवाऱ्याची वजावट शून्य. नऊशे शेहेचाळीसचे तीस टक्के दोनशे चौऱ्याऐंशी. दोनशे ब्याण्णवातून ते गेले की राहतात आठ. आठचे किमान तेवीस झाले. कार्यालयाने कुठेही चूक केलेली नव्हती. त्यांना जे सांगितले गेले, त्याचे ते उत्तर होते.

मुलगा खरोखरच चारशे भरतो का, असे विचारण्याचा धीर आम्हांला दोन दिवस झाला नाही. मावशीची खर्चाची वही आम्ही पाहिली ती निराळ्याच कारणाने, दंतवैद्याची रक्कम शोधण्यासाठी. लांबट वही, डावीकडे जमा, उजवीकडे नावे, तारखा मराठी अंकांत, लग्नाआधी साताऱ्याला तिच्या वडिलांनी शिकवली तशी. दर महिन्याच्या एक तारखेला जमेच्या बाजूस ‘चि.कडून भाडे ४००’. उजवीकडे ‘भाडे ८००’. पहिल्या वर्षी हे सारे जुळते. नंतर ‘चि.कडून ४००’ ही ओळ तशीच राहते, अक्षरही तितकेच वळणदार. पण महिनाअखेरीची शिल्लक तिला धरत नाही. चारशे जमा होऊनही चारशे कमीच. आणि उजव्या बाजूला काही शब्द एकेक करून नाहीसे होतात. आधी ‘फळे’. मग ‘दही’. मग ‘भाजी’ आठवड्याऐवजी पंधरवड्याने. हस्तलिखितांच्या पाठभेदांवर आम्ही दोघांनी एम.ए.ला पुष्कळ टिपा काढल्या होत्या. लेखनिकाने एक ओळ मागाहून घातली असेल तर तिचा ताण आसपासच्या ओळींत दिसतो, एवढे त्यातले लक्षात राहिले आहे. इथे घातलेली ओळ एकच होती. पंचवीस महिने.

विचारले ते भाचीनेच, जावई खाली फिरायला गेलेले पाहून. मावशी बराच वेळ ओटा पुसत राहिली. मग म्हणाली, “त्याची नोकरी गेली, मग घर मोडलं. तो काय देणार? पण त्या ऑफिसातल्या बाईंना फोनवर काय सांगू? मुलगा देत नाही, असं सांगू?” नंतर, जरा चढ्या आवाजात : “आणि मला खर्च दाखवायचा नाही. इथली माणसं सांगतात, दाखवा काहीतरी खर्च, वाढवून मिळेल. मला नाही ते जमायचं.”

‘दाखवणे’ या क्रियापदावर त्या रात्री आम्ही दोघे बोलत बसलो. मराठीत उत्पन्न ‘असते’ आणि उत्पन्न ‘दाखवले’ जाते. खर्च ‘होतो’ आणि खर्च ‘दाखवला’ जातो. ‘दाखवला’ म्हटले की ऐकणारा मनात डोळा मिचकावतोच. मावशीने चाळीस वर्षे ज्या गोष्टीचा तिटकारा केला, ती गोष्ट आणि हा अर्ज तिच्या भाषेत एकाच क्रियापदाखाली आले होते. ती लबाडी टाळत होती आणि तसे करताना दर वेळी एक लबाडी लिहीत होती. फक्त तिचा तोटा तिलाच होत होता, म्हणून ती तिला लबाडी वाटत नव्हती. झाकली मूठ सव्वा लाखाची, ही म्हण आपण कौतुकाने वापरतो; पण मूठ झाकणाऱ्याला जेवायलाही त्याच हाताने लागते, हे म्हणीत आलेले नाही.

हा सगळा प्रकार आम्हांला इतका अपरिचित वाटला, त्याला आणखी एक कारण आहे. आपल्याकडे शिधापत्रिका असो की फीमाफीचा अर्ज, विचारतात ते उत्पन्न. महाराष्ट्रात अन्नसुरक्षा कायद्याच्या अंमलबजावणीत प्राधान्य कुटुंबासाठी शहरी भागात वार्षिक एकोणसाठ हजार आणि ग्रामीण भागात चव्वेचाळीस हजार अशी उत्पन्नमर्यादा ठरली. त्या आकड्यांपाशी खर्चाला काही स्थान नाही. दरवर्षी जूनमध्ये आमच्यापुढे तहसील कार्यालयाचे दाखले घेऊन मुले उभी राहतात. एखाद्याच्या वडिलांचे आठवड्यातून दोनदा डायलिसिस चालू असते. तो ते तोंडी सांगतो, खाली बघत; कागदावर ते लिहायला जागाच नसते. तेव्हा अमेरिकेतल्या त्या लांबलचक, चौकस, काहीशा उर्मट अर्जाविषयी आमच्या मनात आदर उत्पन्न झाला, हे कबूल करतो. तुझे काय काय जाते, हे विचारण्याइतके तरी त्याला कुतूहल आहे. (चौकसपणा हा अपमान असतो की आस्था, यावर आम्हा दोघांचे एकमत झालेले नाही. एकाचे म्हणणे, दातांच्या कवळीची पावती सरकारला दाखवावी लागणे यात आस्था कसली? हा वाद घरी अजून चालू आहे.)

अर्ज भरला तो पुढच्या रविवारी. दंतवैद्याचे हप्ते, डॉक्टरांनी लिहून दिलेल्या गोळ्या, दवाखान्याच्या फेऱ्या मिळून महिना पंच्याण्णव निघाले. पावत्या तिने साखरेच्या रिकाम्या डब्यात वर्षवार ठेवल्या होत्या, म्हणजे पुराव्याची वाण नव्हती. भाड्याच्या रकान्यापाशी ती थांबली. “हा कागद त्याला दिसेल का गं?” असे तिने विचारले. नाही, म्हणालो. “कधीच?” कधीच नाही. मग तिने पेन स्वतःच्या हातात घेतले आणि इंग्रजी आकड्यांत आठशे लिहिले. ‘अन्य कोणी भरते का’ यापुढे ‘नाही’. ते लिहिताना तिने जावयाकडे पाहिले नाही, आणि जावयाने कपाटातल्या पुस्तकांची नावे वाचायला घेतली.

नव्या हिशेबात नऊशे शेहेचाळीसातून वैद्यकीय साठ गेले, उरले आठशे शहाऐंशी. निम्मे चारशे त्रेचाळीस. भाडे त्याहून तीनशे सत्तावन्नांनी अधिक. राहिले पाचशे एकोणतीस, त्याचे तीस टक्के एकशे एकोणसाठ, आणि कार्डावर एकशे तेहेतीस. जुलैपासून तेवढे येऊ लागले. आदल्या दोन वर्षांचे गेले ते गेले. ते मागायला ती तयार नव्हती, आणि जे कळवलेच नाही त्याबद्दल मागणार तरी कसे?

नोव्हेंबर २०२५मध्ये तिकडचे सरकारी कामकाज ठप्प असताना या योजनेचे पैसे अनेकांना वेळेवर मिळाले नाहीत. आम्ही काळजीने फोन केला. मावशी शांत होती. तुरीची डाळ भरून ठेवली आहे, म्हणाली. दही घरीच लावते. मग वहीचा विषय आम्हीच काढला. ‘चि.कडून’ ही ओळ आता लिहितेस का?

“लिहिते,” ती म्हणाली. “आकडा नाही घालत.”