साहेब, आधी तुम्हालाच कळेल

भोसरी एमआयडीसीत साप्ताहिक सुट्टी गुरुवारी असते. दुसरी नोकरी शोधणाऱ्याला याचा मोठा फायदा. समोरच्या कंपनीला रविवारची सुट्टी असली की रजा न टाकता मुलाखत उरकता येते. मीही तशीच उरकली होती. पण नव्या कंपनीने शेवटच्या तीन महिन्यांच्या पगाराच्या स्लिपा मागितल्या, मी त्या अकाउंटमध्ये मागितल्या, आणि चहाच्या सुट्टीपर्यंत बातमी साहेबांच्या केबिनमध्ये पोचली.

मग सुरू झाला तो सासुरवास. फोन घ्यायला शेडबाहेर गेलो की केबिनची खिडकी उघडायची. ग्राहकाच्या मेलमधून माझं नाव गळायला लागलं. एकदा शर्टाला इस्त्री होती, तर सगळ्यांसमोर, "काय रे, आज बघायला पाहुणे येणार आहेत का?" मी हसलो. दुसरं काय करणार?

मित्रांचा सल्ला एकच होता : होम लोन काढतोय म्हणून सांग. मला तो पटला नाही. लोन म्हटलं की कुठल्या बँकेचं, फ्लॅट कुठे, हे ओघाने येतं आणि प्रत्येक उत्तराला नवी थाप लागते. शिवाय गेज कॅलिब्रेशनला येणारा माणूस सकाळी आमच्याकडे असतो आणि दुपारी आणखी कुठल्या तरी युनिटमध्ये. या पट्ट्यात काही लपत नाही. पण ऑफर लेटर हातात नसताना खरं सांगून टाकणं हा तर शुद्ध वेडेपणा.

शेवटी साहेबांनी बोलावलंच. दार लावून घ्यायला सांगितलं.

"चाललास म्हणे?"

"साहेब, मी राजीनामा दिलेला नाही. द्यायची वेळ आली तर आधी तुम्हालाच कळेल, बाहेरून कळणार नाही. आणि नोटिशीचा महिना पूर्ण भरीन."

"म्हणजे बघतोयस."

मी गप्प राहिलो. त्या शांततेत फार अवघडायला होतं आणि माणूस भरमसाट बोलून जातो, तेवढं टाळायचं. थोड्या वेळाने तेच म्हणाले, "ऑडिट तोंडावर आलंय. त्या हाउसिंगचं कोण बघणार?"

खरं दुखणं हे होतं. अॅल्युमिनियमचं ते हाउसिंग, बोअर 60 मिलिमीटरचा, आणि सूट सगळी मिळून 19 मायक्रॉन. मशीनवरून नुकताच उतरलेला पीस गरम असतो. अॅल्युमिनियम दहा अंशांनी तापलं तर एवढा बोअर जवळजवळ 14 मायक्रॉन फुगतो. मोजमापाचं प्रमाण तापमान 20 अंश सेल्सिअस. त्यामुळे गरम पीसला बोअर गेज लावला की चांगला माल बाद ठरतो. त्याहून वाईट म्हणजे ऑपरेटर आकडा पाहून ऑफसेट कमी करतो आणि पुढचा सगळा लॉट थंड झाल्यावर लहान भरतो. कुठल्या ऋतूत पीस किती वेळ थंड होऊ द्यायचा, मास्टर रिंग कुठे ठेवायची, हे सगळं माझ्या डोक्यात. कागदावर काहीच नाही. साहेब घाबरले होते ते याला.

त्याच आठवड्यात मी ते लिहायला घेतलं. मोजणीची पद्धत साध्या मराठीत लिहून मशीनशेजारी लावली आणि ज्युनिअरला गेज हातात देऊन शेजारी उभा राहिलो. साहेब लांबून बघायचे, बोलायचे नाहीत. पण टोमणे थांबले. संशयी साहेबाला समजावत बसण्यापेक्षा त्याचं अडलेलं काम मोकळं करावं, असं माझं ठाम मत झालं आहे.

ऑफर लेटर आलं, त्याच दिवशी राजीनामा दिला. मग साहेबांनी नव्या कंपनीएवढाच पगार देऊ केला. मी नको म्हणालो. मी निघालो तेव्हाच जो पैसा सापडला, तो पुढच्या वर्षी पगारवाढीच्या वेळी पुन्हा हरवला असता. नेमणूक पत्रात दोन वर्षं प्रतिस्पर्ध्याकडे जायचं नाही, असं कलम होतं, त्याचीही त्यांनी आठवण करून दिली. भारतीय करार कायदा, 1872 च्या कलम 27 नुसार नोकरी सोडल्यानंतरचं असं बंधन टिकत नाही, हे मला माहीत होतं. पण ते तोंडावर फेकायची गरज नव्हती. "ड्रॉइंग, प्रोग्रॅम काही घेऊन जाणार नाही," एवढं म्हणालो. त्यांना तेवढंच हवं होतं.

नोटिशीचा महिना भरला, ऑडिट पार पडलं, रिलीव्हिंग लेटर वेळेवर मिळालं. पीएफला यूएएन असल्यामुळे त्यात साहेबांकडे हात पसरावा लागला नाही. ग्रॅच्युइटीचं मात्र तसं नाही. माझी पाच वर्षं केव्हाच उलटली होती. हिशेब सोपा आहे : ग्रॅच्युइटीसाठी धरलं जाणारं शेवटचं मासिक वेतन भागिले 26, गुणिले 15, गुणिले नोकरीची वर्षं, म्हणजे 26 हजारांवर वर्षाला 15 हजार. मालकाने ती 30 दिवसांत द्यायची असते. पण साहेबांशी कितीही गोडीने निरोप झाला असला, तरी अर्ज लेखी करा आणि आपल्या प्रतीवर तारखेसह पोच घ्या.